पुराण आणि इतिहास गुंफून किशोरांसाठी फॅंटसी कादंबरी कशी लिहायची: सातवाहनांच्या पैठणचं उदाहरण घेऊन

सगळ्यात आधी एक ठरवून टाका, की तुमच्या गोष्टीत जादू कुठे घालायची आणि कुठे अजिबात घालायची नाही. बाकीचं सगळं, म्हणजे पात्रं, लढाया, नकाशे, भाषा, ते नंतर जमतं. पण हे ठरलं नसेल तर साधारण पन्नासेक पानांनंतर कादंबरी एकतर इतिहासाच्या पुस्तकासारखी वाटायला लागते नाहीतर नुसती मारामारी उरते. माझं मत असं, की दगडावर, नाण्यावर जे कोरलंय त्याला हात लावायचा नाही आणि दगड जिथे गप्प आहे तिथेच जादू घालायची. पुढे जे लिहितोय ते सगळं या एका गोष्टीसाठी.

उदाहरण म्हणून मी सातवाहनांचा काळ घेतोय, इसवी सनाचं पहिलं-दुसरं शतक, पैठण, जुन्नर, नाणेघाट, कल्याण. शिवकाळावर भरपूर लिहिलं जातं, ते चांगलंच आहे, पण शिवकाळाची कागदपत्रं इतकी आहेत की जादूला जागा कमी मिळते. सातवाहनांचं उलट आहे. शिलालेख आहेत, नाणी आहेत, लेणी आहेत, दंतकथा तर ढिगाने आहेत, आणि मधे मोठमोठ्या मोकळ्या जागा आहेत.

१. आधी जोडी शोधा: एक पुरावा, एक दंतकथा, दोन्ही एकाच जागेचे

नुसती दंतकथा घेऊ नका, नुसता पुरावाही घेऊ नका. दोन्ही एकाच गावात भेटतात अशी जागा शोधा, कारण तिथे वाचणाऱ्या पोराला असं वाटतं की अरे हे खरंच झालं असेल.

पैठणचं बघा. शालिवाहनाची गोष्ट आपण सगळ्यांनी पाडव्याला ऐकलेली असते, नागाचा मुलगा, कुंभाराच्या घरी वाढला, मातीचे सैनिक, हत्ती, घोडे बनवले, त्यांच्यावर पाणी शिंपडून त्यांना जिवंत केलं आणि शत्रूला हरवलं. ही झाली दंतकथा. आता पुरावा. पैठण आणि तेर (म्हणजे जुनं तगर, धाराशिव जिल्ह्यातलं) इथे सातवाहन काळातल्या पांढऱ्या मातीच्या लहान लहान मूर्ती सापडल्यात, साच्यातून काढलेल्या, पुढचा अर्धा साचा वेगळा, मागचा वेगळा, दोन्ही अर्ध एकमेकाला चिकटवायचे आणि आत पोकळी राहायची. तेरच्या संग्रहालयात जाऊन बघता येतात, आणि लिहिणाऱ्याने जावंच, फोटोत त्यांचा आकार कळत नाही.

म्हणजे गोष्ट सांगते की मातीचे सैनिक चालले, आणि जमिनीतून खरंच मातीची माणसं निघतात. ही जोडी मिळाली की अर्धं काम झालं.

अशा अजून जोड्या आहेत, तुम्हाला आवडेल ती घ्या. कथासरित्सागरात सातवाहन हे नाव कसं पडलं त्याची गोष्ट आहे, सात नावाचा यक्ष शापाने सिंह झालेला असतो आणि त्याच्या पाठीवर बसलेलं पोर राजाला जंगलात सापडतं. आणि इकडे पितळखोऱ्याच्या लेण्यात खरोखर एका यक्षाची मूर्ती सापडली, बुटका, हसरा, आणि तिच्या हातावर लिहिलंय की कण्हदास नावाच्या सोनाराने ही केली. सोनाराने दगडातला यक्ष का घडवला असेल? एवढ्या एका प्रश्नावर कादंबरी उभी राहू शकते. किंवा कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, छोटी ब्राँझची मूर्ती निघाली. समुद्रदेव घाट चढून पंचगंगेकाठी कसा आला, कोणाच्या गाठोड्यातून आला, त्याला घरची आठवण येत असेल का, असलं काहीही विचारा. गुणाढ्य या कवीची गोष्ट तर तयारच आहे, सात लाख श्लोक स्वतःच्या रक्ताने लिहिले, राजाने नाकारले म्हणून जंगलात बसून एकेक पान प्राण्यांना वाचून दाखवत जाळत गेला, प्राणी खाणंपिणं सोडून ऐकत बसले, आणि राजा धावत आला तेव्हा एकच लाख उरले होते. जळालेल्या सहा लाखांत काय होतं हे कोणालाच माहीत नाही, हे तर किशोरांसाठी लिहिणाऱ्याला आंदणच मिळालंय.

२. काय बदलायचं नाही त्याची यादी करा

वहीत एक पान काढा आणि त्यावर फक्त पक्क्या गोष्टी लिहा. आपल्या उदाहरणात त्या अशा.

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाला, म्हणजे शक घराण्यातल्या राजाला, हरवलं. हे आपल्याला नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या लेखावरून कळतं, आणि नाण्यांवरून. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, 13 हजारांहून जास्त नाणी, आणि त्यातल्या बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. म्हणजे नहपानाचा चेहरा खाली अर्धवट दिसतोय आणि वरून सातवाहनांचं डोंगराचं चिन्ह. नाणी वितळवली नाहीत, त्याच्या तोंडावरच ठोकली. तर तुमच्या नायिकेने कितीही पराक्रम करू दे, नहपान जिंकणार नाही, आणि गौतमीपुत्र तिच्यामुळेच जिंकला असंही होऊ द्यायचं नाही. का ते सांगतो. जादूने इतिहासाचा निकाल लावला की खऱ्या माणसांचं कर्तृत्व पुसलं जातं, आणि वाचणाऱ्या पोरालाही ते खटकतं, त्याला वाटतं मग बाकीचे सगळे काय करत होते.

दुसरं, शालिवाहन शक इसवी 78 पासून मोजतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण सातवाहनांच्या स्वतःच्या लेखांत शक नाही, राजाचं कितवं वर्ष ते दिलेलं असतं, आणि पुढे ऋतू, पंधरवडा आणि दिवस. ग्रीष्म, वर्षा, हेमंत असे तीनच ऋतू, प्रत्येकात आठ पंधरवडे. हे तुमच्या प्रकरणांच्या वर वापरा ना! "वर्षाऋतू, दुसरा पक्ष, दिवस दहावा" असं लिहिलं की तारीख न देता वाचक त्या काळात जातो.

तिसरं म्हणजे देव. इथे फार जण घसरतात. आज आपल्या डोळ्यासमोर जे देव त्याच रूपात येतात ते तेव्हा तसे असतीलच असं नाही. नाणेघाटाच्या लेण्यात नागनिका राणीचा जो मोठा लेख आहे त्याची सुरुवातच नमस्काराने होते, धर्माला, इंद्राला, संकर्षण आणि वासुदेवाला, चंद्रसूर्याला, आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना. गणपतीचं नाव त्यात नाही. आज लेण्याद्रीला गिरिजात्मज आहे म्हणून तुमची नायिका दुसऱ्या शतकात तिथे जाऊन गणपतीला मोदक वाहतेय असं लिहू नका, तेव्हा ती बौद्ध भिक्खूंची लेणी होती. यादीत हे लिहून ठेवा: माझ्या गोष्टीतले लोक कोणाला हात जोडतात.

३. जादूचा नियम वस्तूतून काढा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, इथे वेळ घाला, आठवडे गेले तरी चालतील.

बहुतेक जण जादूचा नियम हवेतून काढतात, मंत्र म्हटला की आग, हात फिरवला की वारा. तसं नको. जी खरी वस्तू तुम्ही निवडली तिच्याकडे नीट बघा, नियम तिच्यातच असतो. आपल्या मूर्ती दोन साच्यांतून होतात आणि आतून पोकळ असतात. मग त्या पोकळीत काय आहे? माझ्या उदाहरणात आवाज आहे. करणारीने दोन अर्ध जोडायच्या आधी आत बोलायचं आणि पटकन बंद करायचं. बाहुली जिवंत होते, पण ती चालतेय तोवर करणारीचा आवाज गेलेला असतो. बाहुली फुटली की आवाज परत. आणि माती कच्ची आहे म्हणून पाण्यात विरघळते, भाजली तर पोकळीतला आवाज जळतो, म्हणून भट्टीत घालता येत नाही.

आता बघा एवढ्याने काय काय झालं. नायिका पैठणला राहते, गोदावरीच्या काठी, म्हणजे तिचं सैन्य नदीच ओलांडू शकत नाही. पावसाळ्यात तर काहीच करता येत नाही. आणि सगळ्यात मोठं, सैन्य चालत असताना ती कोणाला ओरडून सावध करू शकत नाही, आईला हाक मारू शकत नाही, स्वतःची बाजू मांडू शकत नाही. पंधरा वर्षांच्या पोरीला गप्प बसवणारे आजूबाजूला आधीच खूप असतात, त्यात तिने स्वतःहून आवाज द्यायचा, ही किंमत त्या वयाच्या वाचकाला लगेच कळते, समजावून सांगावी लागत नाही.

नियम तपासायची पद्धत सोपी आहे, तीन प्रश्न विचारा. ही जादू काय करू शकत नाही? वापरली की काय जातं? आणि ही गावात सगळ्यांना माहीत असती तर राजाने, व्यापाऱ्याने, चोराने तिचं काय केलं असतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर जादू गुप्त का राहिली याचं कारण गोष्टीत द्यावंच लागेल. आपल्या गोष्टीत कारण असं देता येईल, की ज्याला ती येते तो वापरताना मुका असतो, त्यामुळे कोणी कोणाला शिकवूच शकत नाही, नुसतं बघून शिकायचं.

४. लोक काय मानतात आणि खरं काय घडतं

त्या काळातल्या माणसाला पुराण आणि इतिहास असे दोन खण नव्हते. पांडवलेण्यांतला तो लेख गौतमीपुत्राची आई, गौतमी बलश्री, हिने कोरवून घेतलाय, नातवाच्या, पुळुमावीच्या राज्याच्या 19 व्या वर्षी. त्यात ती मुलाबद्दल सांगते की त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलंय, ते सगळ्यांना माहीत आहे. पण पुढे वाचा. तो ज्या लढाया जिंकला त्यात वारा, गरुड, सिद्ध, यक्ष, राक्षस, विद्याधर, भूतं, गंधर्व, चंद्र, सूर्य, नक्षत्रं, ग्रह हे सगळे उतरले होते असं लिहिलंय, आणि हत्तीच्या खांद्यावरून तो आभाळात शिरला असंही. हे एका राजमातेने कोरलेलं अधिकृत वाक्य आहे, ज्या लेण्याच्या दानाचा हिशोबही त्याच भिंतीवर आहे!

मला हा लेख वाचताना दरवेळी गलबलून येतं, कारण मुलगा गेल्यावर म्हातारी आई लिहवून घेतेय, आणि तिला साध्या शब्दांत ते मावत नाहीये.

तर तुमच्या गोष्टीत तीन थर ठेवा. एक, जे दगडावर आहे. दोन, जे लोक मानतात, बोलतात, घाबरतात, यात यक्ष आले, नाग आले, डोहातल्या आसरा आल्या. तीन, जे तुमच्या गोष्टीत खरंच घडतं, आणि हा थर सगळ्यात पातळ ठेवा. सगळे यक्ष खरे, सगळे नाग खरे, सगळी भुतं खरी असं केलं की कशाचीच भीती राहत नाही. एकच गोष्ट खरी ठेवा, मातीच्या बाहुल्या. बाकी यक्षांबद्दल लोक बोलू दे, नायिकेची आजी रोज झाडाखाली दिवा ठेवू दे, वाचकाला शेवटपर्यंत वाटत राहू दे की असेलही.

५. जग उभं करताना व्यवहारातून करा

राजवाड्यापासून सुरू करू नका, बाजारापासून करा. मराठी वाचकाला राजवाडे खूप झालेत. आणि पुरावाही बाजाराचाच जास्त आहे.

नहपानाचा जावई उषवदात, याने नाशिकला लेणं खोदवलं आणि भिक्खूंच्या खर्चासाठी 3000 कार्षापण (तेव्हाची नाणी) विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले, 2000 एका श्रेणीकडे शेकडा दरमहा एक व्याजाने आणि 1000 दुसरीकडे पाऊण व्याजाने. म्हणजे विणकरांच्या संघटना तेव्हा बँकेचं काम करत होत्या. याच माणसाने नारळाची हजारो झाडं दान दिली, नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या, धर्मशाळा बांधल्या. आता हा तर शत्रूपक्षातला माणूस! म्हणून सांगतो, क्षत्रपांना लाल डोळ्यांचे राक्षस करू नका. नायिकेला ज्या फुकट होडीने नदी पार करता येते ती होडीच शत्रूने ठेवलेली आहे, असा प्रसंग लिहा, पोरं त्यावर विचार करतील.

प्रवासाचं गणित मांडा. पेरिप्लस नावाचं ग्रीक खलाशाने लिहिलेलं पहिल्या शतकातलं टिपण आहे, त्यात भडोचहून (गुजरातमधलं बंदर) पैठण वीस दिवस आणि तिथून पूर्वेला तगर दहा दिवस असं दिलंय. त्यातच हेही आहे की कल्याण बंदर अडवलं गेलंय आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. कथानक पाहिजे ना? हे घ्या. नायिकेचा भाऊ तांड्याबरोबर पैठणहून जुन्नर, जुन्नरहून नाणेघाट उतरून कल्याणला गेलाय आणि परत आलेला नाही, कारण ज्या जहाजावर तो माल चढवत होता तेच पहाऱ्यात गेलं. आता तिला निघायचंय. वाटेत जुन्नरला यवन, म्हणजे ग्रीक, भेटतील, खरंच, जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट, चंद अशा यवनांनी दिलेल्या दानाचे लेख आहेत. नाणेघाटात तो दगडी रांजण आहे ज्याला जकातीचा रांजण म्हणतात, लेण्यात सिमुक, सातकर्णी, नागनिका यांच्या मूर्ती होत्या, आज फक्त पावलं आणि वर कोरलेली नावं उरलीत, पण तुमच्या नायिकेने त्या पूर्ण बघितल्यात! आपण पावलं बघतो, ती चेहरे बघते. हा प्रसंग सोडू नका.

जेवणात मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणे, साबुदाणा, पेरू, काजू नको, ते सगळं पोर्तुगीजांच्या नंतरचं. तिखटाला मिरी, पिंपळी, आलं. कागद नाही, ताडपत्र आणि भूर्जपत्र. चहा नाही हे सांगायला नको. शिवलेले कपडे फारसे नाहीत, कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवरची जोडपी बघा, कपडे आणि दागिने तिथेच शिकून होतात.

६. नावं आणि बोलणं

नावं प्राकृत घ्या, शिलालेखांतून घ्या. वेदिसिरी, हकुसिरी, इसिदत, धमरखित असली नावं कानाला गोड लागतात आणि मालिकेतल्या राजकुमारांसारखी वाटत नाहीत. माझ्या उदाहरणातल्या पोरीचं नाव मी धमसिरी ठेवीन, घरी धमी. संस्कृत नावं दरबारातल्या एखाद्या पंडितालाच द्या.

संवाद मात्र आजच्या मराठीत. "हे तात, आज्ञा असावी" हे बंद करा. तेव्हाचे लोक घरात प्राकृत बोलत होते, साधी बोली, गाथासप्तशतीत (प्राकृत कवितांचा जुना संग्रह) बघा, शेतावरच्या बायका, वाटसरू, सासवा, नदीकाठ, सगळं घरगुती. स. आ. जोगळेकरांची आवृत्ती मिळाली तर तीच घ्या, टिपा खूप चांगल्या आहेत. धमी आजीला "अगं आजी" म्हणेल, बापाला "अरे बाबा", कुंभारवाड्यातलं बोलणं बोलेल. फक्त इंग्रजी शब्द संवादात नकोत, आणि फारसीतून आलेले शब्द जमेल तितके टाळा, हुकूम, तयार, बाजार, जखम वगैरे, कारण कान तयार असलेल्या वाचकाला ते टोचतात. निवेदनात आले तर एवढं बिघडत नाही. वर मी बाजार म्हणतोय ते तुमच्याशी बोलताना, धमी पेठ म्हणेल.

७. ज्यांचे देव आहेत त्यांना विचारा

आसरा, म्हसोबा, वाघोबा, वेताळ हे काही जुने झालेले देव नाहीत, आजही त्यांना नैवेद्य जातो. घाटातल्या महादेव कोळी, ठाकर लोकांच्या श्रद्धा गोष्टीत आणणार असाल तर त्या गावात जा, बसा, ऐका, आणि जे सांगू नका म्हणतात ते लिहू नका. आणि जंगलात राहणारे म्हणजे राक्षस, काळे, क्रूर, मांस खाणारे, हे जुन्या गोष्टींतून आपोआप लेखणीत उतरतं, ते जाणीवपूर्वक तोडा. तुमचं पुस्तक वाचणारा मुलगा त्याच पाड्यावरचा असू शकतो, जुन्नरच्या आश्रमशाळेतला असू शकतो, त्याला स्वतःचा पणजोबा त्या पानावर खलनायक म्हणून भेटता कामा नये.

८. आता लिहायला बसा

पहिलं प्रकरण दहा पानांच्या आत संपवा आणि त्यात जादू एकदाच दाखवा, किंमतीसकट. वंशावळ, नकाशा, प्रस्तावना, "फार फार वर्षांपूर्वी सातवाहनांचं राज्य होतं" हे काही नको. धमी भाऊ निघताना त्याच्यासाठी चिमणीएवढी बाहुली करते, त्यात त्याचं नाव बोलते, बाहुली पंख हलवते, आणि त्याला निरोप द्यायला तोंड उघडते तर आवाजच येत नाही. तो समजतो रागावली. निघून जातो. बस, गोष्ट सुरू झाली.

पुढची प्रकरणं लिहिताना प्रत्येक प्रकरणात एक खरी गोष्ट वापरा, एकच, आणि ती पात्राच्या हातात द्या. नाण्याबद्दल माहिती सांगू नका, धमीच्या हातात ते दोन छाप असलेलं नाणं येऊ दे, अंगठ्याने चाचपताना वरच्या डोंगराखाली तिला कोणाचं तरी नाक लागू दे.

मसुदा झाला की तेरा ते सोळा वयाच्या चारपाच जणांना वाचायला द्या, शक्यतो नात्यातले नको, ते चांगलंच म्हणतात. कसं वाटलं असं विचारू नका. पेन्सिल द्या आणि सांगा, जिथे पुस्तक खाली ठेवलंस तिथे रेघ मार. दोन जणांची रेघ एकाच पानावर आली की ते प्रकरण परत लिहायचं, आणि नव्वद टक्के वेळा तिथे तुम्ही इतिहास समजावत बसलेले असता.

शेवटी पुस्तकाच्या मागे दोन पानं जोडा, यातलं खरं काय आणि रचलेलं काय, सरळ सांगून. गौतमी बलश्री खरी, तिचा लेख खरा, जोगलटेंभीची नाणी खरी, तेरच्या मूर्ती खऱ्या, धमी आणि मातीतला आवाज माझा. कुठे जाऊन काय बघता येईल तेही लिहा, नाणेघाटाला वरून जुन्नरकडून घाटघरपर्यंत गाडी जाते, खालून मुरबाडकडून वैशाखऱ्याहून चढायला पायवाट आहे, पावसाळ्यात दगड निसरडे असतात म्हणून मोठं माणूस बरोबर न्या.